जास्तीचं काम

“आता आलाच हाईसा मिस्त्री, तर ह्या घड्याळाकडंबी जरा बघा की,” हवालदार लालासाहेब म्हणाले.

बाळासोनं नुकतीच हत्यारांची पिशवी सायकलला बांधली होती. ती त्यानं सोडली. इस्लामपूरच्या दुकानातून तो आला होता हवालदारांच्या धाकट्या लेकीच्या, अंजनाच्या शिलाई मशीनसाठी. मशीन टाके सोडत होतं. ते काम कधीच झालं होतं. त्यानंतर हवालदारांनी त्याच्याकडून स्टो साफ करून घेतला, दळणाच्या डब्याचं झाकण ठोकून घेतलं, न्हाणीच्या दाराची बिजागरी आवळून घेतली. आता घड्याळ. तेही चालू घड्याळ, आठवड्याला चार मिनिटं मागं पडणारं.

स्वयंपाकघराच्या दारातून चंद्राबाई नवऱ्याला डोळ्यांनी खुणावत होत्या. शेवटी त्यांना राहवेना. “आवं, मशीनचा मिस्त्री हाय त्यो. गावचा बलुतेदार न्हाई. सोडा की त्याला.”

“तू गप. करतंय पोरगं.”

हवालदारांच्या मनात काय होतं, ते चंद्राबाईंनाही ठाऊक नव्हतं.

पाच वर्षांपूर्वी, एकाहत्तरच्या लढाईनंतर ते पेन्शनीत आले आणि थोरल्या विजयमालेला त्यांनी बारा एकर बागायतीत दिली. ऊस पाहिला, विहीर पाहिली, दारातली मोटारसायकल पाहिली. माणूस तेवढा पाहायचा राहिला. शब्दाला शब्द लागला की जावई ताट भिरकावतो, हे पहिल्या दिवाळसणालाच कळलं. विजयमाला माहेरी आली की हसायची, बोलायची, पण दारात पुरुषाचं पाऊल वाजलं की दचकायची. ते दचकणं बापाच्या काळजात रुतून बसलं होतं. धाकटीचं असं होऊ द्यायचं नाही, एवढंच आता त्यांना हवं होतं.

त्यापायी अंजनाला तेविसावं लागलं. बघायला आलेले लोक तिला चालायला लावायचे, वाचायला लावायचे, केस किती लांब ते विचारायचे. पोराला मात्र कुणी काही करून दाखव म्हणत नाही. ते पोहे खातं, मिशीवरून हात फिरवतं आणि निघतं. हवालदारांना हे पटत नव्हतं. फौजेत त्यांच्या हाताखालून शेकडो जवान गेले होते. सकाळच्या परेडला सगळेच चांगले दिसतात. सुट्टीवर निघालेल्याला जास्तीची ड्यूटी लावली की मग खरा माणूस बाहेर येतो, असा त्यांचा अनुभव.

हा बाळासो तीन महिन्यांत तिसऱ्यांदा घरी आला होता, कारण ते मशीनच तसलं दळभद्री. आधीच्या दोन खेपांना पोरगं त्यांच्या नजरेत भरलं. मग बाजाराच्या दिवशी त्यांनी इस्लामपुरात जाऊन त्याचं गाव, आडनाव, पाव्हणेरावळे हळूच काढून घेतले. सगळं जुळत होतं. फक्त राग बघायचा राहिला होता.

म्हणून आज ड्यूटीवर ड्यूटी.

बाळासोनं घड्याळ उघडलं, पुसलं, तेलाचा थेंब सोडला. अंजना खाली मान घालून चहा ठेवून गेली. हवालदारांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. चहा कसला, निव्वळ पाक होता! बाळासोनं मात्र बशीत थेंब ठेवला नाही. पोरगं अन्नाला नावं ठेवत नाही, हेही हवालदारांनी मनात टिपून घेतलं.

घड्याळ भिंतीवर गेलं. ऊन उतरायला लागलं. आता त्यांनी शेवटची तोफ डागली.

“गोठ्यात कडबा कापायचं यंत्र हाय. त्येचं पातं पार बोथट झालंय.”

इथं कुणीही भडकला असता. हवालदार स्वतः तर नक्कीच भडकले असते. बाळासोनं बाह्या वर सारल्या आणि तो गोठ्याकडं निघाला. पातं काढून, दगडावर धार लावून, परत बसवून आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि केसांत कडब्याचा भुसा होता. त्यानं पाणी मागितलं, तेही हसून.

लालासाहेबांना भरून आलं. कितीतरी दिवसांनी जिवाला बरं वाटलं.

“बसा असं घोंगड्यावर,” ते म्हणाले. “खरं सांगा मिस्त्री, येवढी जास्तीची कामं सांगितली, राग न्हाई आला?”

“जास्तीची कुठली, हवालदार?” बाळासो खाली बघत भुसा झटकत राहिला. “मशीनचं काम तर काईच नव्हतं.”

“काईच नव्हतं? टाकं सोडत हुतं की!”

“सुई उलटी बसवल्याली. सरळ केली, झालं.”

“आन् मागं दोनदा?”

“तवाबी त्येच.”

हवालदार चक्रावले. अंजना तालुक्याच्या शिवणवर्गात पहिली आलेली. झोपेत बसवली असती तरी तिच्या हातून सुई उलटी बसली नसती. आणि त्या वर्गातली मशीनं बघायला याच दुकानाचा माणूस जायचा, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. आतल्या खोलीत बांगड्या वाजल्या आणि एकदम गप्प झाल्या.

त्यांनी आवाज चढवून पाहिला, पण मिशीतलं हसू काही आवरेना.

“मग सुई कशी बसवायची, त्ये पोरीला सांगायचं न्हाई व्हय?”

“पयल्या खेपेला सांगितलं हुतं,” बाळासो म्हणाला. “मग न्हाई सांगितलं.”