जोडीजोडीने

उपमुख्याध्यापक गिदुदू सर उमेदवार वोपाताच्या मागे उभ्या राहिलेल्या पोरांच्या रांगेतून दोन्ही हात पसरून चालले होते. "अंतर ठेवा रे, अंतर! ऊन बघा केवढं आहे." रांगेच्या टोकाला पोहोचले आणि ते दुसरी उमेदवार नामारोमे हिच्या रांगेकडे वळले. "आणि तुम्ही काय चरायला आलात? पुढे सरका. अजून. अजून सरका!"

वोपाताची रांग बघता बघता मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, गोलपोस्टला टेकली. नामारोमेची त्याच्या बरीच अलीकडे संपली.

खायिंझा मॅडम शिट्टी हातात धरून मधोमध उभ्या होत्या. त्या फिजिक्स शिकवत आणि यंदा निवडणूक अधिकारीही त्याच होत्या. एका रांगेत पोरं विरळ आहेत आणि दुसऱ्या रांगेत दाट, हे त्यांना दिसत होतं. पण मुख्याध्यापक बसले होते त्या व्हरांड्यातून फक्त लांबी दिसत होती.

विद्यार्थी प्रमुखाची निवडणूक गेल्या वर्षापर्यंत चिठ्ठ्यांवर व्हायची. यंदा मुख्याध्यापक वांदेबा सरांनी सांगितलं, गावचा अध्यक्ष आपण उमेदवाराच्या मागे उभं राहून निवडतो, पोरांनीही देशाची रीत शिकावी. खरं कारण सगळ्या शाळेला ठाऊक होतं. मुलींच्या वसतिगृहाची टाकी कोरडी असताना मुख्याध्यापकांच्या बागेतला नळ कसा वाहतो, असं नामारोमेने भर प्रार्थनेत विचारलं होतं. वोपाताने काहीच विचारलं नव्हतं. त्याचे वडील जिल्हा परिषदेत होते.

चिठ्ठीवर फक्त हात मत देतो, मॅडमच्या मनात सकाळपासून घोळत होतं. रांगेत मान, पाठ, बूट, सगळंच मत देतं आणि सगळंच ओळखू येतं. तरीही पोरं नामारोमेच्या मागे उभी राहिली होती. वांदेबा सर नुसते खोकले तरी दचकणारी सर्वांत खालच्या वर्गातली पोरंसुद्धा! उत्तर डोळ्यांसमोर होतं, फक्त ते सगळ्यांना दिसायला हवं होतं.

"मॅडम," वांदेबा सर व्हरांड्यातल्या खुर्चीतून म्हणाले, "वोपाताची रांग लांब आहे. जाहीर करून टाका."

"मोजते ना, सर."

"एवढी पोरं मोजणार? तोवर मक्याच्या पोशोचा गार होऊन दगड होईल."

बाकीचे शिक्षक हसले. गिदुदू सर धापा टाकत पायऱ्या चढले. "फिजिक्सवाल्यांचा डोळ्यांवर विश्वास नसतो हो, साहेब. तिकडे उत्तरेला, मोरोटोच्या शाळेला फिजिक्सची बाई हवीच आहे म्हणे. तिथे मोजायला मोकळं रान आहे नुसतं."

यावर मात्र कुणी हसलं नाही. बदलीचा कागद कुणाच्या सहीने निघतो, ते सगळ्यांना माहीत होतं.

मॅडमनी मैदानाकडे पाहिलं. स्वयंपाकघरातून घेवड्याच्या उसळीचा वास येत होता.

"बरोबर आहे, सर. पोरं भुकेली आहेत," त्या म्हणाल्या. "आधी जेवायला सोडते."

"आता कसं शहाण्यासारखं बोललात!"

मॅडम खाली उतरल्या आणि त्यांनी शिट्टी फुंकली. "ऐका! जेवायला जायचंय, पण ढकलाढकली चालणार नाही. या रांगेतलं एक, त्या रांगेतलं एक, अशी जोडी करायची आणि निघायचं. जोडी नाही त्याने जागेवर थांबायचं. उमेदवार सगळ्यांत शेवटी."

पहिली जोडी निघाली. वोपाताकडचा उंच मुलगा आणि नामारोमेकडची त्याच्या खांद्याएवढी मुलगी.

"माझ्या ताटात बघू नकोस हं," ती म्हणाली.

"तुझ्या ताटात आहे काय? टाकी काय, ताट काय, तुमचं सगळं रिकामंच."

"आज जेवून घे पोटभर. उद्यापासून रडायचंय तुला!"

जोड्या जाऊ लागल्या. दोन्ही रांगा पुढे सरकत राहिल्या. आधी गोलपोस्ट मोकळा झाला. मग वोपाताची रांग नामारोमेच्या रांगेएवढी झाली. मग तिच्याहून आखूड.

"साहेब," गिदुदू सर हळूच म्हणाले, "ही बाई काय करतेय?"

तोवर पोरांना कळलं होतं. "संपत आली! त्यांची संपत आली!" कुणीतरी किंचाळलं. जेवायला गेलेली पोरं ताटं घेऊन पळत परत आली आणि मैदानाच्या कडेला दाटीवाटीने उभी राहिली. पाण्याचे रिकामे कॅन बडवले जाऊ लागले. प्रत्येक जोडीला आरोळी उठत होती.

वोपाताच्या रांगेतली शेवटची मुलगी निघाली. चालता चालता तिने मागे वळून पाहिलं. तिच्यामागे नुसतं गवत होतं.

नामारोमेच्या मागे अजून रांग होती. चांगली जाडजूड. घेवड्याचा वास थेट त्या रांगेवर येत होता, पण एकही पोर हललं नाही.

वांदेबा सर खुर्चीतून उठले. कॅनचे आवाज थांबले.

"निकाल जेवणानंतर, माझ्या ऑफिसातून जाहीर होईल," ते म्हणाले. "मॅडम, त्या पोरांना सोडा आता."

मॅडमचा आवाज वर्गातल्यासारखा लख्ख निघाला.

"सोडलंय, सर. त्यांना जोडी मिळत नाहीये."

वांदेबा सरांनी वोपाताकडे पाहिलं. वोपाता इतका वेळ बुटाने गवत उकरत होता. त्याने मान वर करून आधी सरांकडे आणि मग स्वतःच्या मागच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. मग तो सरळ चालत नामारोमेसमोर जाऊन उभा राहिला.

"चला, प्रमुखबाई," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तुमच्याशिवाय मला कुणी जेवू देणार नाही."