दिवसाची गोष्ट

त्या साली विलायतेला आपल्या कापसाची भूक लागली आणि अकोल्याच्या गाड्या मुंबईच्या वाटेला लागल्या. पार्वताबाईंचा मुलगा जानरावही बैल जुंपून गेला. मागे घरात त्या, विधवा लेक सुभद्रा आणि नात गोदी. दुपारी हातानं फिरवायच्या रेच्यावर कापसातली सरकी काढताना गोदी आईजवळ गोष्टीचा हट्ट धरायची आणि पार्वताबाई डोळे वटारायच्या.

"दिवसा गोष्ट सांगतली का मामा वाट चुकते, पोरी! माह्या जानरावले घरी येऊ दे आधी."

आज विहिरीवर सुभद्राला परतलेला गाडीवान सहदेव भेटला. मान खाली घालून म्हणाला, "बाई, जानराव घाटातच पटकीनं गेला. बुढीले तूच सांग."

सुभद्रा घरी येऊन आईपुढं उभी राहिली.

"काहून वं, गाड्या आल्या का?" पार्वताबाईंनी रेचा फिरवत विचारलं.

 भर दुपारी सुभद्रानं गोदीला जवळ ओढलं आणि सुरुवात केली, "आइक गोदे, आटपाट नगर होतं..."

 

रेचा थांबला. पदर तोंडाशी धरून पार्वताबाई हळूच म्हणाल्या, "आता पुरी सांग, बाई."