तिसऱ्या प्रकरणातला न्हावी

गळ्यावर वस्तरा असताना माणसाने नवा विषय काढू नये. पण गुरांच्या डॉक्टरला हे कुणी शिकवलेलं नसावं.

"अहो, तुम्ही तर तिसऱ्या प्रकरणातले!" तो खुर्चीतून ओरडला. "खुर्चीच्या उजव्या हातावर भार द्या, डावा निखळलाय, असं म्हणालात ना, तेव्हाच ओळखलं मी!"

वस्तरा थांबला. होता तिथेच थांबला, म्हणजे कंठमण्यावर. बाकावर पेपर वाचत बसलेल्या शिंप्याने पेपर खाली घेतला आणि फुकटात काही बघायला मिळणार असलं की माणूस जसा सावरून बसतो, तसा तो सावरून बसला.

डॉक्टर बदली होऊन कालच गावात आला होता. बदलीचा हुकूम आला की लोक भाड्याची खोली शोधतात; याने गावातल्या लेखकांची पुस्तकं शोधली. चार मिळाली. त्यातलं एक कवितांचं निघालं, त्यामुळे नदी नेमकी कुठल्या बाजूला आहे ते कळेना. पण कादंबरीने सगळी कसर भरून काढली. सकाळपासून तो गावभर हिंडत होता आणि जुन्या ओळखीचं माणूस भेटावं तसा एकेका गोष्टीला भेटत होता. वाकडा दिव्याचा खांब भेटला. टपाल कचेरीपुढचा, भुंकायचा कंटाळा करणारा कुत्रा भेटला. निदान त्याचा नातू तरी. दवाखान्याच्या घसरड्या पायरीवरून तर तो घसरलासुद्धा, आणि 'बरोबर!' म्हणत उठला.

"त्या पुस्तकाचं नाव या दुकानात काढायचं नाही," न्हावी म्हणाला. आवाज खाली आला होता, वस्तरा नाही.

"का बरं?"

"माझ्यावर लिहिलंय त्यानं." आता वस्तरा हलला आणि त्याने रस्त्यापलीकडची खिडकी दाखवली. खिडकीत एक जटाधारी म्हातारा लिहीत बसला होता. पांढरे केस खांद्यावरून थेट कागदावर उतरले होते. "रोज दुपारी इथे, या बाकावर बसायचा. माझाच चहा, माझंच दूध, आणि पुस्तकात मीच चुगलखोर! म्हणे माझी जीभ वस्तऱ्याहून धारदार. तेव्हापासून बोलणं बंद, चहा बंद."

"आणि केस?"

"गावात दुसरं दुकान आहे कुठे?"

"लोकांना वाटतं, लेखकांचे असतातच तसे," शिंप्याने खुलासा केला.

"पण तुम्ही स्वतः वाचलंय का ते?" डॉक्टरने न्हाव्याला विचारलं.

"मी कशाला वाचू? सगळं गाव सांगतंय की!"

डॉक्टरने आरशातूनच शिंप्याकडे पाहिलं. "तुम्ही?"

"वाचल्यातच जमा," शिंपी म्हणाला. "प्रकाशन समारंभाला त्यांचा कोट मीच शिवलाय. माप घेताना ते बोलून गेले, तिसऱ्या प्रकरणात आपला न्हावी घेतलाय. आता न्हाव्याबद्दल माणूस दुसरं काय लिहिणार? बाकीचं मी आपलं जोडून घेतलं. लोकांनी विचारलं, तर नाही कसं म्हणायचं?"

डॉक्टरने अंगावरच्या कापडाखालून हात काढला, पायाशी ठेवलेल्या पिशवीतून पुस्तक बाहेर ओढलं आणि अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून वाचायला सुरुवात केली:

"'या गावात दोनच गोष्टी गुप्त राहतात. एक जमिनीत पुरलेली आणि दुसरी न्हाव्याला सांगितलेली. इतकी वर्षं त्याच्या हातचा चहा प्यालो, पण गावातली एकही भानगड या माणसाने मला सांगितली नाही. शेवटी नाइलाजाने ही सगळी कादंबरी मनाने रचावी लागली.'"

न्हाव्याने वस्तरा मिटून ठेवला.

"पुन्हा वाचा," न्हावी म्हणाला.

डॉक्टरने पुन्हा वाचलं. मग पुढचंही वाचलं: "'साखर मात्र हात सोडून घालतो.'"

"त्यालाच लागायची!" न्हावी कडाडला. "तीन चमचे! वर पुन्हा विचारायचा, आज फिक्का का!" एवढं बोलून त्याने डॉक्टरच्या गळ्यातलं कापड ओढून काढलं, झटकलं, कात्री आणि कंगवा खिशात घातला. "डॉक्टरसाहेब, बसा जरा. आलोच."

रस्ता अरुंद होता. पलीकडे दार वाजलं, उघडलं, ते सगळं दुकानात बसून ऐकू येत होतं.

"साखर तुला लागायची."

"म्हणजे वाचलंस एकदाचं!"

"नाही. बस इथं. मान खाली."

लेखक स्वतःच्याच दाराच्या पायरीवर मुकाट बसला. कापड बांधलं गेलं. पहिली बट पडली, दुसरी पडली. मग त्याचे खांदे गदगदा हलू लागले. तो हसतोय की रडतोय, ते इकडून दिसेना.

"हलू नकोस, कान जाईल," न्हावी म्हणाला. "आणि उद्या दुपारी ये. दोनच चमचे मिळतील."

"अडीच."

"मान खाली!"

दुकानात डॉक्टरच्या गालावरचा फेस वाळत चालला होता. शिंपी बाकावरून उठून त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला होता.

"डॉक्टर," त्याने हळूच विचारलं, "त्यात शिंपी आहे का हो?"

"आहे ना. सातव्या प्रकरणात."

"काय लिहिलंय?"

डॉक्टरच्या गळ्यावर आता वस्तरा नव्हता. तरी वाचून दाखवण्याऐवजी त्याने पुस्तक मिटलं आणि शिंप्याच्या हातात दिलं.