वरची माती

क्रिस्पुलो दफनभूमीत पोचला तेव्हा तिथे कबरी दिसत नव्हत्या. कुंपणाच्या खांबांची टोकं तेवढी वर होती आणि मधे सपाट, लाल चिखल. कागायान नदीचा पूर ओसरून दोन दिवस झाले होते.

त्याच्या वारलेल्या बायकोची, एमेरेनची, थोरली बहीण लिओनिला झगा गुडघ्यापर्यंत खोचून फाटकापासून पावलं मोजत येत होती.

"एकतीस, बत्तीस. इथेच कुठेतरी आहे," ती थांबून म्हणाली. "आलास, पुलो? उद्या मृतांचा सण, सगळं गाव कबरींवर मेणबत्त्या लावायला येईल, आणि एमेरेनची कबर सापडत नाही."

"मानांग, तुम्ही बसा. मी खणतो." थोरल्या बहिणीला म्हणायचं तसं तो तिला मानांग म्हणायचा.

"बसू कुठे?"

खरंच, बसायला कोरडी जागा नव्हती. तो खणू लागला. गाळ जड होता, फावडं सोडत नव्हता. त्यातून मक्याची धाटं निघत होती, मुळांसकट.

"पूर काय नवा आहे आपल्याला?" लिओनिला म्हणाली. "पण पूर्वी पाऊस पडल्यावर दोन दिवस मिळायचे. डुकरं उंचावर न्यायची, भात शिजवून घ्यायचा, मग नदी यायची. गढूळ, पण काळसर. या खेपेला पाऊस पडतच होता आणि नदी चुलीपाशी. लाल. ही माती नदीकाठची नाही. वरची आहे."

क्रिस्पुलो खणत राहिला. वर, डोंगराच्या उतारावर, त्याचा मका होता. इतरांचाही होता. पण आज सकाळी तो खाली उतरला तो आपल्याच शेतातून फुटलेल्या घळीच्या कडेकडेने, आणि ती घळ थेट ओढ्यापर्यंत आली होती.

फावडं सिमेंटवर वाजलं. दोघं वाकून हातांनी गाळ काढू लागली. आधी मृत्यूचं साल दिसलं, मग आडनाव, मग एमेरेनचं नाव. अक्षरांत लाल माती बसली होती. ती तो बोटाने कोरून काढू लागला.

"मानांग," तो मान वर न करता म्हणाला, "शेतात तिने माती धरून ठेवायला आडवे गवताचे पट्टे राखले होते. ते मी मारले. ती गेली त्याच वर्षी. तणनाशक फवारलं आणि वरून खाली सरळ नांगर घातला. मक्याच्या आठ ओळी जास्त बसल्या."

लिओनिला कडेचा गाळ ओंजळीने बाजूला करत राहिली.

"जास्त मका मला नको होता. घरात बोलायला कुणी नव्हतं. वाटलं, काम वाढलं की दिवस जाईल. आता जमीन अंगणासारखी टणक झालीय. पाणी मुरतच नाही. पडलं की पळतं."

"ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"तुझा उतार आमच्या दारातून दिसतो, पुलो. सकाळी चूल पेटवताना मी त्या हिरव्या रेघा बघायचे. ती गेल्यावरही बघायचे. मग एका उन्हाळ्यात त्या पिवळ्या पडल्या. मग नुसता डोंगर."

"मग बोलला का नाहीत?"

"तू खाली आलास का कधी?"

 लिओनिलाने हात झग्याला पुसले. "मला आईबाबांची कबर शोधायचीय," असं म्हणून ती चिखल तुडवत फाटकाकडे गेली. पुन्हा फाटकापासून पावलं मोजल्याचा तिचा आवाज येऊ लागला.

एमेरेनच्या कबरीची नावाची बाजू मोकळी झाली होती. पायाकडची बाजू अजून गाळाखालीच होती. क्रिस्पुलोने फावडं भरलं आणि बाजूला टाकायला वळला.

"तिकडे नको टाकूस," लिओनिलाने लांबून सांगितलं. "तिथे मास्तरीणबाईंची मुलगी आहे."

आतापर्यंतचा सगळा गाळ त्याने तिथेच टाकला होता. तो दुसरीकडे वळला. तिकडेही चिखलातून सिमेंटचा एक कोपरा वर आला होता.

भरलेलं फावडं हातात धरून तो तसाच उभा राहिला.