मेलेली जीभ

व्यापारी घरात आला, पण कुणी त्याला बसा म्हटलं नाही. त्याने हातातली थैली टेबलावर ठेवली.

"दादा, तुमच्या लेकीने माझी बारा पोती परत पाठवली. अतिविषात बचनाग आहे म्हणते."

तीन वर्षांनी त्याला आज दादा आठवले होते.

लेक खिडकीशी उभी होती. औषधाच्या कारखान्यात ती मुळ्या पारखायची. अतिविष डोंगरावरून येतं आणि लहान मुलांच्या पोटाच्या औषधात जातं. बचनाग दिसायला त्याचा सख्खा भाऊ, पण जीव घेणारा. मुळी मोडायची, आत पांढरी आहे का बघायचं, कण चावायचा. नुसती कडू लागली तर अतिविष, जीभ बधिर झाली तर बचनाग. तिच्याआधी हे काम वडील करायचे. ते याच व्यापाऱ्याने घालवलं होतं.

"हा शिक्का बसला की माझा माल कुठलाच कारखाना घेणार नाही," व्यापारी म्हणाला. "उभा जन्म गेलाय हो यात."

"मग इथे कशाला आलात?" वडिलांनी विचारलं.

न येऊन सांगतो कुणाला? कारखान्याचा नियमच तसा होता. वाद झाला तर वीस वर्षं पारख केलेल्या माणसाने चव घ्यायची आणि कागदावर सही करायची. त्याचा शब्द शेवटचा. असा माणूस गावात एकच उरला होता.

"एकदा चव घ्या, दादा. माल चोख आहे. पोरांची शपथ."

लेकीला ते ठाऊक होतं. माल चोखच होता. काल तिने बाराही पोती चाखली, बाराही कडू लागली, आणि तिने कागदावर 'बधिर' असं लिहिलं. लिहिताना बरं वाटलं होतं. पण वडील चवीच्या बाबतीत आयुष्यात खोटं बोलले नव्हते. आता ते खरं सांगणार, हा सुटणार आणि आपली नोकरी जाणार.

वडिलांनी चष्मा लावला. थैलीतली मुळी मोडली, कण चावला आणि डोळे मिटून पाच मिनिटं जिभेवर घोळवत बसले. मग त्यांनी डोळे उघडले ते थेट लेकीकडे बघत. तिने काय केलंय ते त्यांना कळलं होतं. तिने मान खाली घातली नाही.

"नुसती कडू आहे ना?" व्यापाऱ्याने घाईघाईने कागद आणि पेन पुढे केलं. "करा सही."

"मला काय कळतंय त्यातलं?" वडील म्हणाले. "तेव्हा तुमच्या पोत्यात बचनाग आहे म्हणून मी ओरडत होतो. तुम्ही चारचौघांत सांगितलंत, म्हाताऱ्याची जीभ मेली. सगळ्यांना पटलं. आता मेलेल्या जिभेची सही घेऊन काय करणार, शेठ?"

त्यांनी कागद परत सरकवला.

लेकीने थुंकायला भांडं पुढे धरलं. पारखणारा मुळीचा रस कधी गिळत नाही. वडिलांनी मानेनेच नको म्हटलं आणि व्यापाऱ्याच्या डोळ्यांत बघत तो कडू घोट सावकाश, चवीने गिळला.