नववा स्मृतिदिन

‘आर्शीवाद’ या शब्दावर तिने लाल पेनाने काट मारली आणि शेजारी ‘आशीर्वाद’ लिहिलं. नऊ वर्षं या टेबलावर काढल्यावर एवढं तिला झोपेतही जमलं असतं. छोट्या जाहिरातींचं पान चार वाजता छपाईला जायचं, आणि साडेतीन वाजून गेले होते.

ऑफिसात तिला सगळे दुरुस्तीबाई म्हणत. स्मृतिदिनाच्या जाहिराती तपासून तपासून तिचं एक मत झालं होतं, की कजाग माणसं मरतच नसावीत. मरतात ती सगळी प्रेमळ, सोशिक आणि हसतमुख.

या जाहिरातीतल्या मातोश्रीही तशाच होत्या. कधी आवाज चढवला नाही, स्वयंपाकात हातखंडा, पतीची सावली होऊन राहिल्या. आवाज चढवला नाही म्हणे! त्या घरातली भांडणं तीन घरं पलीकडे ऐकू जायची. आणि स्वयंपाकाचं म्हणाल, तर भाजी एक दिवस खारट, एक दिवस करपलेली. वाचता वाचता तिला हसू आलं. हे सगळं तिने तसंच राहू दिलं.

शेवटच्या ओळीवर मात्र पेन अडलं. ‘नातीला आजही आजीची रोज आठवण येते.’

“ही ओळ काढा,” ती पान लावणाऱ्याला म्हणाली.

“का हो? शुद्धलेखन चुकलंय?”

“खोटी आहे.”

“बाई, खोट्या ओळी काढायच्या म्हटल्या तर पान कोरं जाईल.” त्याने जाहिरातीतला फोटो जवळ घेऊन पाहिला. फोटो जुना होता, ऐन तारुण्यातला. “चेहरेपट्टी तुमच्यासारखीच आहे की! तुमच्या घरातल्या का?”

“हो. त्याच घरातली मी.”

“मग खाली पती, मुलगा, सून, नात एवढेच कसे? तुमचं नाव कुठंय?”

“मी घर सोडून आले ना. तिथे माझं नाव काढलेलं चालत नाही.”

तो वरमला. “आईच्या जाहिरातीतून लेकीलाच वगळायचं, म्हणजे फारच झालं,” असं काहीतरी पुटपुटला. मग त्याने जाहिरातीचा फॉर्म तिच्यापुढे सरकवला. “पण नियम तुम्हाला ठाऊक आहे. चूक असली तर आपण दुरुस्त करायची. ओळच काढायची, तर त्यांना फोन करून विचारायचं.”

फॉर्मवरचा नंबर तिला वाचावा लागला नाही. नऊ वर्षांत तो तिने एकदाही फिरवला नव्हता. त्या घरातल्या मोठ्यांनी हवं ते छापावं, तिची हरकत नव्हती. पण त्या पोरीला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं, पडत-झडत सायकल शिकवली होती. तिने घर सोडलं तेव्हा पोर चौदा वर्षांची होती. नंतर पाठवलेल्या एकाही पत्राला पोरीचं उत्तर आलं नाही, आणि ते तिला फार लागलं होतं. आता तिच्याच तोंडी ही आठवण घातलेली तिला सहन होईना. पोरीने हे म्हटलेलं नाही, एवढं कुणीतरी कबूल करावं, इतकंच तिला हवं होतं.

फोन एका तरुण मुलीने उचलला.

“पेपरच्या ऑफिसातून बोलतेय. तुमच्या जाहिरातीतली ती शेवटची ओळ, नातीची... नातीला विचारून घातलीय का? नसेल तर काढून टाकते.”

पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला. पान लावणाऱ्याने घड्याळाकडे बोट दाखवलं.

“ती ओळ मीच घातलीय, आजी,” मुलगी हळूच म्हणाली. “राहू दे ना. पुढच्या महिन्यात लग्न आहे माझं, आणि सासरच्यांना आम्ही तू वारलीस असंच सांगितलंय.”