सडसडीत

“लग्नात पाय केवढे जाड होते हिचे. आता पाहा, शास्त्रीबुवा, कसे सडसडीत झाले,” विहीणबाई म्हणाल्या. “आहार आणि व्यायाम. तुमच्या लेकीचीच हौस हो.”

नमस्कार करून उठताना मैत्रेयीने खुर्चीचा आधार घेतला, हे शास्त्रीबुवांच्या दृष्टीतून सुटले नव्हते. तिच्या पोटऱ्या खरोखरच कृश झाल्या होत्या. परंतु व्यायामाने येणारे बळ त्यांत कोठेच दिसत नव्हते.

“बैठका काढतेस, बाळ?”

लेकीने आधी सासूकडे पाहिले. “रोज काढते, बाबा.”

“मग एक काढून दाखव. म्हातारपणी मीही शिकेन म्हणतो,” ते हसत म्हणाले.

ती सावकाश खाली गेली. वर येताना तिचे गुडघे थरथरले आणि ती तशीच जमिनीवर बसली.

“आज उपास आहे तिचा,” विहीणबाई घाईने म्हणाल्या.

“आणि काल?” शास्त्रीबुवांनी शांतपणे विचारले.

त्यांनी हात देऊन लेकीला उठवले. “चल. तुझी आई जेवायला थांबली आहे.”

किती दिवसांसाठी, हे न विचारता मैत्रेयी चपला घालू लागली.